मेपलमधलं जिरं

काय काम करता, असं कुणी विचारलं की मी ‘निवडते’ म्हणायची. समोरच्या बाईला वाटायचं, तांदूळ निवडत असेल. मी ‘लाकूड’ म्हटलं की तिला वाटायचं, जळाऊ. शेवटी ‘धनुष्यासाठी लाकूड निवडते’ असं पुरतं सांगितलं की ती माझ्याकडे जरा निरखून बघायची आणि विषय बदलायची. मला याचा कधी राग आला नाही. उलट लग्नकार्यात अनोळखी पाहुण्यांबरोबर हा खेळ करायला मला मजा यायची.

शहापूरहून शेणव्याकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक पत्र्याची शेड लागते. बाहेर आंब्याखाली भुशाची पोती असतात आणि आतून कानशीचा आवाज येत असतो. तो माझ्या धाकट्या दिरांचा, रघुनाथभावजींचा, धनुष्यांचा कारखाना. तिथं मी गेले ती भावजींचा जेवणाचा डबा घेऊन, आणि राहिले ती केस पांढरे होईपर्यंत. आता घरी आहे. दिवाळीच्या अंकासाठी लिहा म्हणून सांगणं आलं, तेव्हा आधी हसू आलं. लाकडावर लिहिण्यासारखं काय असतं? मग लिहायला बसले, तर हात थांबेना.

आमच्या डोंगरातल्या पाड्यांवर धनुष्याला कामठा म्हणतात. तो करायचा बांबूचा, नाहीतर धामणीचा. धामणीच्या लाकडाला तोड नाही, पण ते झाड आता जंगलात तोडता येत नाही, आणि ते बरंच आहे. भावजी तरुणपणी मुंबईत फर्निचरच्या कामावर होते. तिथं बाहेरच्या थंड मुलखातून आलेलं मेपलचं लाकूड त्यांच्या हाताखालून जायचं. पांढरट, जड आणि वाकवलं तर परत सरळ होणारं. कापून उरलेली एक पट्टी त्यांनी घरी आणली आणि हौसेनं तिचा कामठा केला. तो टिकला. एकाचे दोन झाले, नोकरी सुटली आणि शेड उभी राहिली. लाकडी धनुष्यानं नेम मारणारे शौकीन, शाळा, तालमी, कुठून कुठून माणसं यायला लागली.

ज्या झाडाचं पान एका देशाच्या झेंड्यावर आहे, तेच हे झाड. मी ते अजून पाहिलेलं नाही. त्याच्या फळ्या अंगाखांद्यावर वागवल्या, त्याचा भुसा केसांतून काढला, पण त्याची सावली कशी पडते ते मला ठाऊक नाही. माहेरी मुरबाडकडे बांधावर साधा करंज असला तरी त्याची फांदी न् फांदी ओळखीची असते. या झाडाची मात्र फक्त हाडं माझ्या वाट्याला आली. ही रुखरुख आहे, ती लपवत नाही.

सुरुवातीला भावजींचे कामठे फार मोडायचे. ते सागावर हात बसलेले सुतार. फळी बघताना फळीवरच्या रेषा बघायचे. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली की फळी चांगली. सागाला हे बहुतेक वेळा लागू पडतं. मेपलला पडत नाही. वरून अगदी सरळ रेषांची फळी घ्यावी, आठवडाभर खपावं, आणि शेवटी दोरी चढवून ओढताना ‘टिक्’ असा बारीक आवाज यावा. तो आवाज आला की संपलं. पुढच्या ओढीला कामठा हातात दोन तुकडे होऊन येतो.

असाच एक मोडलेला कामठा भावजी मांडीवर घेऊन बसले होते. मी डबा उघडत होते. त्या तुकड्यावर उन्हाची तिरीप पडली होती आणि लाकडात बारीक बारीक तपकिरी टिपके दिसत होते. मी सहज म्हटलं, “भावजी, ह्यात कुणी जिरं टाकलंय का?”

“कसलं जिरं, वैनी?”

“हे बघा ना. सगळं जिरं एका बाजूला कललंय.”

भावजी डबा तसाच सोडून उठले. कोपऱ्यात मोडक्या कामठ्यांचा ढीग होता, तो त्यांनी उन्हात आणला. एकेक तुकडा आम्ही दोघांनी बघितला. जिथं जिरं तिरपं होतं, तिथंच कामठा उघडला होता. भिंतीवर टांगलेला पहिला कामठा काढून बघितला, तर त्यातलं जिरं शिपायांसारखं सरळ रांगेत. भावजींनी तो परत भिंतीवर टांगला. मग म्हणाले, “वैनी, उद्यापासून डबा पोरांबरोबर पाठवा आन् तुमी लवकर या.”

बाहेरच्या माणसाला हे सोपं करून सांगते. लाकूड म्हणजे धाग्यांची जुडी. कामठा ओढला की निशाणाकडची बाजू, तिला आम्ही पाठ म्हणतो, ती ताणली जाते. आपल्याकडची बाजू म्हणजे पोट, ते दाबलं जातं. पाठीतले धागे मुठीपासून टोकापर्यंत अखंड गेले असतील तर ताण सगळ्यांत वाटला जातो. धागा मधेच कडेला बाहेर पडला असेल तर तिथं लाकूड सोलून उठतं. मेपलमध्ये डोळ्याला दिसणाऱ्या रेषा एकीकडे जातात आणि धागे दुसरीकडे. धागे कुठं चाललेत ते सांगतं ते जिरं. ते ज्याला दिसत नाही, त्यानं रंध्यानं साफ केलेल्या जागी शाईचा थेंब टाकायचा. शाई धाग्याच्या वाटेनं मिशीसारखी पसरते. ती मिशी सरळ गेली तर फळी ठेवायची, तिरपी गेली तर पाट-पोळपाटाला द्यायची.

मला शाई लागायची नाही. फळी दारात तिरपी धरली की मला जिरं दिसायचं. नख रुतलं तर लाकूड मऊ, बाजूला. बोटाच्या पेराने वाजवलं आणि थप्प आवाज आला तर ओल आहे, माळ्यावर. आमच्याकडे पावसाळ्यात हवेतच इतकं पाणी असतं की तयार कामठासुद्धा सुस्तावतो, ओढलेला सरळ व्हायचं विसरतो. म्हणून फळ्या चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवायच्या आणि घडवायला घ्यायच्या ते भात झोडून झाल्यावर. भावजींनी त्यात एक नियम घालून दिला. ज्यानं फळी निवडली, त्यानंच तयार कामठा पहिल्यांदा पुरता ओढायचा. दोरी गालापर्यंत, तोंड कामठ्यासमोर. म्हणजे निवडताना कंटाळा करायची छाती होत नाही. सगळ्या फळ्या मीच निवडायची, म्हणून सगळे कामठे पहिल्यांदा मीच ओढायची. नऊवारी नेसणाऱ्या माझ्या सासूबाई हे बघायला एकदा शेडवर आल्या आणि पदर तोंडाला लावून परत गेल्या. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, “गो, दात सांभाळ.”

गिऱ्हाईकं एकेक नमुन्याची. कॉम्प्युटरवर काम करणारा एक मुलगा मुंबईहून आला. त्याला लहरींचं मेपल हवं होतं. काही फळ्यांत धागाच नागमोडी असतो. पॉलिश केलं की ती फळी रेशमी पैठणीसारखी चमकते. दिसायला त्याहून देखणं लाकूड नाही आणि कामठ्याला त्याहून वाईट नाही. मी नको म्हटलं. तो म्हणाला, “काकू, पण हेच आवडलंय.” मी म्हटलं, मग भिंतीवर लाव, ओढू नकोस. त्यानं कबूल केलं. आम्ही कामठा करून दिला, पण दोरी अडकवायच्या खाचा मुद्दाम केल्याच नाहीत. वर्षभरानं तो पेढे घेऊन हजर. लग्न ठरलं होतं. म्हणाला, “बरं झालं काकू, तुम्ही खाचा नाही केल्या. सासरची मंडळी घर बघायला आली होती. मामेसासऱ्यांनी खाली उतरवून दोरी शोधायला सुरुवात केली होती.”

दुसरी मंडळी मुरबाडच्या एका गावातली, उत्सवात पौराणिक नाटक करणारी. स्वयंवराचा प्रवेश होता आणि त्यांना मोडणारं धनुष्य हवं होतं. दरवर्षी प्लायवूडचं करवतीनं अर्धं कापून ठेवायचे, तर आदल्या वर्षी ते नायकाच्या आधी दरबारातल्या दुसऱ्याच राजाच्या हातात मोडलं होतं. मला फार गंमत वाटली. जन्मभर न मोडणारं निवडलं, आता मोडणारं निवडायचं! मी टाकाऊ ढिगातली सगळ्यात वाईट फळी काढली. जिरं असं तिरपं की बघून हसू यावं. वरून एक गाठही होती. छातीवर हात मारून सांगितलं, दोन हातांनी ओढा, मोडलाच म्हणून समजा.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा म्होरक्या रिक्षानं शेडवर आला. धनुष्य जसंच्या तसं.

“काय केलंत काकू! आमचा राजपुत्र गुडघ्यावर घेऊन वाकवतोय, धनुष्य नुसतं वाकतंय न् सरळ होतंय. घामानं मिशी निघाली त्याची. लोक वराडतायत, अजून जोर लाव! शेवटी सीतेच्या बापाचं काम करणारा उठला, म्हनला, वाकलं तरी चालंल, घाला माळ.”

भावजी हसून हसून खाली बसले. ते धनुष्य अजून शेडमध्ये कपडे वाळत घालायला वापरतात. मी हसले, पण मनात थोडी टोचणी राहिली. लाकूड माझं ऐकतं असं मला तोवर वाटत होतं.

आता ज्या गिऱ्हाइकासाठी हे सगळं लिहितेय, तिच्याकडे येते. वनिता खर्डीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. शाळेच्या शेवटच्या वर्गात होती तेव्हाची गोष्ट. हातात जुन्या कपड्यात गुंडाळलेले धामणीच्या कामठ्याचे दोन तुकडे घेऊन ती एकटीच शेडवर आली. उजव्या डोळ्याच्या खाली गालावर ताजा, लाल व्रण होता. टाके नुकतेच निघाले होते.

“हा जोडून मिळंल?”

कामठा तिच्या आज्याचा होता. आजा गेल्यावर चुलीवरच्या आढ्याला तसाच राहिला आणि धुरात सुकून कडक झाला. शाळेत हिचा नेम चांगला, लाकडी धनुष्याच्या स्पर्धेत नाव घातलेलं. हिनं आज्याचा कामठा काढून दोरी चढवली, ओढला, आणि त्याची ढलपी डोळ्याच्या बोटभर खाली बसली. मोडलेला कामठा जोडता येत नाही, असं मी सांगितलं. ती रडली नाही. तुकडे परत गुंडाळायला लागली. मला राहवलं नाही. म्हटलं, नवा करून देऊ. तर म्हणाली, “आय धरू द्यायची नाय. ती म्हनते, पुना कामठा हातात घेतलास तर घरात येऊ नको.”

दोन दिवसांनी आईच आली. मंजुळा तिचं नाव, भाताच्या लावणीनं हाताची बोटं कुजलेली. ती बसलीसुद्धा नाही.

“माझ्या पोरीला नादी लावू नका. आता डोळा पन घालवायचा काय?”

मी तिला फळ्या दाखवल्या, जिरं दाखवलं, नियम सांगितला. तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, “फळी निवडता त्या तुमीच ना? मंग आधी तुमी ओढा. माझ्यासमोर. मंग माझी पोर ओढंल.”

त्या कामठ्याची फळी निवडताना माझी जी अवस्था झाली ती पुन्हा कधी झाली नाही. माळ्यावरच्या सगळ्या फळ्या खाली काढल्या. चांगली फळी हातात आली की त्या मुलीचा गाल आठवायचा आणि मी ती खाली ठेवायची. नाटकवाल्यांचं धनुष्य समोर दोरीवर टॉवेल घेऊन लोंबत होतं. वाईट ओळखायला मी चुकले होते, मग चांगलं ओळखायला चुकणार नाही कशावरून? भावजी म्हणाले, “वैनी, तांदूळ असता तर आतापर्यंत जेवून झालं असतं.” शेवटी एक फळी घेतली. त्या दिवशी मात्र मी पहिल्यांदाच शाईचा थेंब टाकला. मिशी ओळंब्यासारखी सरळ गेली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

भात झोडून झाल्यावर कामठा झाला. मंजुळा आली, वनिता तिच्या मागे. मी पदर खोचला, दोरी चढवली आणि ओढला. गालापर्यंत. शेडमधले रंधे थांबले होते. लाकूड काही बोललं नाही. मी दोरी सोडत आणली.

“परत,” मंजुळा म्हणाली.

मी परत ओढला. ती माझ्या तोंडाकडे नाही, कामठ्याच्या पाठीकडे बघत होती. तिसऱ्यांदाही ओढायला लावला. मग मागे न वळता मुलीला म्हणाली, “जा. घे.” आणि स्वतः बाहेर आंब्याखाली जाऊन पाठ फिरवून उभी राहिली. आत वनितानं कामठा ओढला ते तिनं बघितलं नाही, फक्त कान देऊन ऐकलं. काही ऐकू आलं नाही तेव्हा ती आत आली आणि माझ्याकडे पाणी मागितलं.

स्पर्धेत वनिताचा नंबर आला नाही. वाऱ्याचा अंदाज चुकला म्हणाली. पण शाळा संपल्यावर ती आमच्याकडे कामालाच आली. कानस, रंधा, दोरी वळणं, सगळं पटापट उचललं. खर्डीहून आसनगावला लोकल आणि पुढं रिक्षा करून सगळ्यांच्या आधी शेडवर हजर. जिरं तिला मीच शिकवलं. ती मात्र प्रत्येक फळीला शाई लावायची आणि मी तिला चिडवायची, “कामठे करतेस का परीक्षेचा पेपर लिहितेस?”

पुढे माझा उजवा खांदा धरला. कामठा ओढताना डोळ्यांसमोर अंधारी यायची. तेव्हा नियम थोडा वाकवला. निवडायचं मी आणि पहिली ओढ वनिताची. तिनं आपणहून सांगितलं, “मी ओढंन काकू. तुमी निवडलंय ना, मंग काय.” त्या ‘मंग काय’ला काय म्हणतात ते मला तेव्हा कळलं नाही. तीच मुलगी, तोच गाल, आणि रोज माझ्या भरवशावर दोरी त्या व्रणापर्यंत आणणार.

काही वर्षं हे असं सुरळीत चाललं. मग एकदा मी निवडून ठेवलेल्या फळ्या उचलत होते, तर एकीच्या मागच्या बाजूला, टोकाशी, शाईचा बारीक ठिपका दिसला. दुसरीला होता. सगळ्यांना होता.

“हे काय गो?” मी विचारलं.

“शाई सांडली असंल,” वनिता खाली बघून म्हणाली.

माझा रागानं तिळपापड झाला. मी शिकवलं, आणि ही माझ्या पाठीमागे माझीच फळी तपासते? मी तरातरा टाकाऊ ढिगाकडे गेले. मी चांगल्यात ठेवलेली एक फळी तिथं पडली होती. दारात नेली, उजेडात तिरपी धरली. मला जिरं सरळ दिसलं. अगदी स्पष्ट. मी ती वनितासमोर आपटली आणि म्हटलं, “टाक थेंब. माझ्यासमोर टाक.”

तिनं रंध्याचा एक हात मारला आणि थेंब टाकला. शाई हळूहळू पसरली आणि कडेला निघून गेली. मी वाकून, पार नाक लावून बघितलं. तेव्हा जिरं दिसलं. तिरपं होतं. इतके दिवस मी फळीत जे बघत होते, ते मला ठाऊक होतं म्हणून दिसत होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं.

“कधीपासून?” मी विचारलं.

“गेल्या दिवाळीपासनं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुमी घरी बसल्या असता.”

मला तिच्या गालाकडे बघवेना. त्या व्रणाच्या वरच डोळा होता. तो शाबूत राहिला तो माझ्यामुळे नाही, तिच्या थेंबामुळे. मी हात धुतले, पिशवी उचलली आणि भावजींना सांगून घरी आले. भावजी म्हणाले, चार दिवस आराम करा. मी परत येणार नाही, हे त्यांनाही कळलं होतं आणि मलाही. नंतर मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता सुईत दोरा ओवता येतो, पण शेडवर निवडायला मी परत गेले नाही. तिथं आता वनिता निवडते आणि ओढतेही तीच. नियम पुन्हा जसा होता तसा झाला.

त्याचं दुःख झालं का? झालं. पहिले काही महिने मी तांदूळ निवडतानासुद्धा रडायची. घरातल्यांनी ते ओळखलं आणि तांदूळ निवडलेले आणायला लागले, त्याचाही राग यायचा.

परवा, फराळाची भाजणी करत होते, तर वनिता दारात. हातात कामठा. एवढा बारीक, हलका कामठा आमच्या शेडमध्ये आजवर कुणी केला नव्हता.

“कुणाचा गो? शाळेतल्या पोरीचा?”

“तुमचा. तुमच्या खांद्याला झेपंल एवढाच ठेवलाय.”

मी हात पुढं केला. तिनं दिला नाही. अंगणात गेली, दोरी चढवली आणि म्हणाली, “थांबा काकू. आधी मी ओढते. मंग तुमी.”

तिनं गालापर्यंत ओढला. परत ओढला. तिसऱ्यांदा ओढला. आणि मग माझ्या हातात दिला. मी कामठ्याच्या पाठीवरून बोट फिरवलं, सवयीनं उजेडात तिरपा धरायला गेले, आणि थांबले. जिरं बघितलं नाही. भाजणीचे हात पदराला पुसले, तोंड कामठ्यासमोर आणलं आणि ओढला. खांदा दुखला. लाकूड काही बोललं नाही.